आखूड पल्ल्याची तोफ बिनकामाची नसते

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत टेबलावर सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती मांडून खेळायच्या युद्धखेळांवर लेख आला, याचा आनंद झाला. एरवी या छंदाकडे ‘मोठ्यांची खेळणी’ म्हणूनच पाहिले जाते. रंगकाम, टेबलाची मांडणी, नियमपुस्तकाची निवड याविषयी लेखात नेमके लिहिले आहे. मात्र ‘पॉइंट खर्च करायचे तर लांब पल्ल्याच्या तोफांवर करा, आखूड पल्ल्याच्या तोफा आणि उखळ्या वाया जातात’ हा नवशिक्यांना दिलेला सल्ला आम्हाला पटला नाही. (पॉइंट म्हणजे सैन्य निवडताना खर्च करायचे गुण, आणि उखळी म्हणजे गोळा उंच फेकून आडोशापलीकडे टाकणारी तोफ.) वाया जातात हे पुष्कळदा दिसते. पण दोष तोफेचा नसतो, ती जिथे ठेवली त्या जागेचा असतो.

हिशेब करून पाहू. नेहमीचे टेबल ६ फूट बाय ४ फूट, म्हणजे ७२ बाय ४८ इंच. दोन्ही लांब कडांशी १२-१२ इंचांच्या पट्ट्यांत सैन्ये उभी राहतात आणि मधे २४ इंच रिकामे उरतात. पायदळ एका फेरीत ६ इंच चालते, धावले तर १२. तोफेचा पल्ला १८ इंच असेल तर चालत येणाऱ्या तुकडीवर ती तीनदा डागता येते. धावत येणाऱ्यावर एकदा, फार तर दोनदा. ४८ इंचांची तोफ सहा फेऱ्यांच्या डावात सहाही वेळा बोलते. क्षेत्रफळाचा फरक तर याहून मोठा आहे. ९० अंशांच्या माऱ्यात १८ इंचांची तोफ जेमतेम २५४ चौरस इंच झाकते. पूर्ण टेबल ३४५६ चौरस इंचांचे, म्हणजे तोफेच्या वाट्याला सुमारे सात टक्के आले. ४८ इंचांचा पल्ला पावणेतीन पटीच्या आतबाहेर असला, तरी कागदावर त्याचे क्षेत्र सात पट भरते, कारण त्रिज्येचा वर्ग होतो. (प्रत्यक्षात टेबलाची कड त्यातला बराच भाग कापून टाकते, ही गोष्ट लांब पल्ल्याचे भक्त सांगत नाहीत.)

तेव्हा ९३ टक्के टेबलावर ही तोफ निरुपयोगी आहे, हे मान्यच करून टाकावे. राहिलेले सात टक्के कोणते निवडायचे, एवढाच प्रश्न उरतो, आणि तो पहिली फेरी सुरू होण्याआधी सोडवायचा असतो. लांब पल्ल्याची तोफ कुठेही ठेवली तरी काहीतरी सापडते. आखूड पल्ल्याच्या तोफेला शत्रू शोधता येत नाही. शत्रूला जिथे यावेच लागणार आहे, तिथे ती आधीपासून रोखलेली हवी.

नवशिका काय करतो? तोफ नाजूक असते, म्हणून ती मागे, आपल्या कडेपासून चार इंचांवर, झाडांच्या आडोशाला ठेवतो. ताबा घ्यायचे ठिकाण साधारणपणे टेबलाच्या मध्यावर, कडेपासून २४ इंचांवर असते. चार आणि अठरा मिळून बावीस. दोन इंच कमी पडले, आणि सहा फेऱ्या तोफ मुकी राहिली. तीच तोफ कडेपासून १० इंचांवर ठेवली, तर मध्यबिंदूच्या पलीकडचे चार इंचही तिच्या माऱ्यात येतात. ठिकाणावर येऊन बसणारी तुकडी आणि तिला टेकून उभी असलेली दुसरी, दोन्ही सापडतात.

पण तोफ समोरासमोर ठेवली की समोरच्या सगळ्या बंदुकाही तिच्याकडेच वळतात. म्हणून ती बाजूला सरकवावी. मांडणीच्या रेषेवर, म्हणजे आपल्या १२ इंची पट्टीच्या पुढच्या कडेवर, ठिकाणापासून १२ इंच डावीकडे किंवा उजवीकडे, एखाद्या घराच्या किंवा भिंतीच्या मागे. तोंड ४५ अंशांनी आत वळवलेले. १२ पुढे आणि १२ आडवे, म्हणजे तिरके अंतर १७ इंचांच्या किंचित आत. पल्ल्यात एक इंच शिल्लक राहतो. समोरून घर आड येते, त्यामुळे शत्रूला तिच्यावर नेम धरण्यासाठी वळसा घालावा लागतो. माऱ्याच्या कोनाची एक बाजू सरळ पुढे जाते आणि दुसरी आपल्या मांडणीच्या रेषेला समांतर, म्हणजे आपल्याच पायदळाच्या छातीसमोरून जाते. हल्ला करायला येणाऱ्याला या पट्ट्यातून गेल्याशिवाय गत्यंतर नाही. ओळीच्या लांबीला धरून गोळा गेला तर जास्त फासे देणारे नियमही आहेत, विशेषतः बंदुकीच्या काळ्या दारूच्या युगातल्या खेळांत. त्यात या तिरकेपणाचा दुहेरी फायदा होतो.

दोन तोफा असतील तर दोन्हींमध्ये १६ इंच ठेवावेत आणि तोंडे आतल्या बाजूला वळवावीत. मग एकीवर कोणी चालून गेले तर तो दुसरीच्या पल्ल्यात असतो. हेच अंतर २४ इंच केले, तर प्रत्येक तोफेभोवती सहा इंचांची आंधळी जागा राहते, आणि चलाख प्रतिस्पर्धी नेमका तिथूनच घुसतो.

९० अंश मोजायला वेगळे साधन लागत नाही. कोऱ्या कागदाचा कोपरा म्हणजे ९० अंश. तो मधोमध दुमडला की घडीची रेघ ही तोफेच्या नळीची दिशा. ए-चार कागदाची लांब बाजू ११.७ इंच असते, तेव्हा १२ इंचांचा अंदाजही त्यावरच निघतो. आधी मोजायला मनाई असलेल्या खेळांत टेबलावर कागद ठेवता येणार नाही, पण हे अंतर डोळ्यात बसवून ठेवायला कोण अडवतो! मोजायचे कुठून, हे मात्र डाव सुरू होण्यापूर्वी ठरवून घ्यावे. २८ मिलिमीटरच्या प्रतिकृतींत तोफेची शेपटी आणि नळीचे टोक यांत सहज दोन-तीन इंच जातात. ४८ इंचांत ते खपून जाते. १८ इंचांत तो सहावा ते नववा हिस्सा झाला. निम्मी भांडणे इथेच होतात.

आता टेकडीबद्दल. तोफ उंचावर ठेवावी असे सगळेच म्हणतात, आणि आखूड पल्ल्याच्या तोफेचा घात बहुधा तिथेच होतो. समजा टेकडी दोन इंच उंच आहे, नळी जमिनीपासून पाऊण इंचाच्या आत, धरा ०.७ इंच, आणि तोफ टेकडीच्या कडेपासून तीन इंच मागे. नळीपासून कडेला स्पर्श करून जाणारी नजर तीन इंचांत ०.७ इंच उतरते. तोच उतार पुढे नेला तर टेबलाच्या पृष्ठापर्यंत पोचायला कडेपुढे आणखी साडेआठ इंच लागतात. मधली सगळी जमीन झाकलेली. उभ्या सैनिकाचे डोके साधारण १.२ इंचांवर असते, तेव्हा ते साडेतीन इंचांनंतर दिसू लागते. पण पूर्ण शरीर दिसल्याशिवाय आडोशाची सूट काढून न घेणारे नियम असतील, तर १८ पैकी साडेअकरा इंच गेलेच समजा. उपाय सोपा आहे: नळीचे टोक टेकडीच्या कडेला भिडवावे. मागच्या उतारावर सुरक्षित ठेवायची असेल, तर ती जागा उखळीची आहे, तोफेची नव्हे. मांडून झाल्यावर हनुवटी टेबलाला टेकवून नळीच्या उंचीवरून एकदा पाहावे. उभ्याने वरून पाहून सगळेच मोकळे दिसते.

आपल्याच पायदळाने वाट अडवणे ही दुसरी नेहमीची चूक. तोफेसमोर दोन तुकड्यांमध्ये तीन इंचांची फट ठेवली, तर ती फट नळीपासून किती दूर आहे यावर सगळे ठरते. फट तीन इंचांवर असेल तर १२ इंच अंतरावर १२ इंच रुंदीचा पट्टा दिसतो. तीच फट सहा इंचांवर असेल तर पट्टा निम्म्यावर येतो, सहाच इंच उरतो. म्हणून रक्षक तुकड्या तोफेच्या बगलेला, चाकांच्या रेषेत किंवा दोन-तीन इंच मागे ठेवाव्यात. पुढे कधीच नाही. बगलेला असल्या की तोफेवर चालून येणाऱ्यावर त्या प्रतिहल्ला करू शकतात, आणि तोफेची नजरही मोकळी राहते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांच्या जड तोफा पुढे सरकणाऱ्या फौजेबरोबर हलेनात, आणि आपलेच लोक माऱ्याच्या आड आल्यावर त्या थंडावल्या. अब्दालीकडे उंटांवर बसवलेल्या हलक्या तोफा, म्हणजे जंबुरके होती. ती हवी तिथे नेता येत होती. पल्ल्याचा प्रश्न तिथे दुय्यम ठरला.

उखळीचे गणित वेगळे आहे. तिला कमाल पल्ल्यापेक्षा किमान पल्ला जास्त छळतो. ‘बोल्ट ॲक्शन’ या दुसऱ्या महायुद्धाच्या खेळाची दुसरी आवृत्ती घ्या. हलक्या उखळीचा पल्ला १२ ते २४ इंच, मध्यम उखळीचा १२ ते ६०. चार फूट खोलीच्या टेबलावर समोर मारताना ६० इंचांतले शेवटचे इंच नुसते छापण्यापुरतेच असतात. बाराच्या आतले बारा मात्र खरोखर मेलेले. ताबा घ्यायच्या ठिकाणापासून उखळी दहा इंचांवर ठेवली, तर शत्रू तिथे पोचताच ती गप्प होते. चौदा ते सोळा इंच मागे ठेवावी. हलक्या उखळीला तर पट्टाच अवघा बारा इंच रुंद मिळतो, तेव्हा ती ठेवताना एक-दोन इंचांचीही चूक चालत नाही. आणि तिच्या आंधळ्या वर्तुळावर आखूड पल्ल्याची एखादी सरळ मारा करणारी तोफ रोखून ठेवावी. दोघी एकमेकींची उणीव भरून काढतात. एकटी उखळी हा अर्धाच खर्च असतो.

याच खेळात उखळीला पहिल्या फेरीत सहाचा फासा लागतो. लक्ष्य हलले नाही तर पुढच्या फेरीत पाच किंवा जास्त, मग चार किंवा जास्त. पहिल्या फेरीत लागण्याची शक्यता सहात एक. दुसऱ्या फेरीअखेर निदान एकदा लागण्याची ४४ टक्के, तिसऱ्याअखेर ७२. लक्ष्य हलले की मोजणी पुन्हा सहापासून. याचा अर्थ उघड आहे: पळत्या तुकडीवर उखळी झाडणे म्हणजे फासे फुकट घालवणे. जे हलणार नाही ते निवडावे, म्हणजे शत्रूची तोफ, इमारतीतली मशीनगन, ताबा धरून बसलेली तुकडी. आणि निवडले की सोडू नये. दुसऱ्या फेरीत जास्त लोभस काही दिसले म्हणून नेम बदलणारा खेळाडू सहा फेऱ्या सहाच शोधत बसतो.

गोल टेम्प्लेट (स्फोटाचा घेर दाखवणारी चकती) वापरणाऱ्या खेळांत शत्रू दाटीने कुठे उभा राहतो, यावर सगळी भिस्त. २५ मिलिमीटरच्या तळाचे सैनिक अंगाला अंग लावून उभे असतील तर तीन इंची वर्तुळात बरोबर सात पूर्ण मावतात: मधे एक, भोवती सहा. तेच दोन-दोन इंच सोडून उभे केले तर एकावर वर्तुळ ठेवल्यावर शेजारच्याला ते शिवतही नाही. सराईत प्रतिस्पर्धी मोकळ्यावर आपली माणसे पसरूनच चालवतो. पण पुलावर, दरवाजात, दोन भिंतींमधल्या फटीत, गाडीतून उतरताना आणि हातघाई संपल्यावर त्यालाही दाटी टाळता येत नाही. मांडणीच्या वेळी टेबलावरच्या अशा जागा मोजाव्यात, दोन-तीनच असतात. त्यातली एक पल्ल्यात असेल अशीच तोफेची जागा धरावी. १४ जून १८०७ रोजी फ्रीडलँडच्या लढाईत फ्रेंच सेनानी सेनारमाँ याने तीसएक तोफा टप्प्याटप्प्याने पुढे ढकलत रशियन पायदळाच्या अगदी जवळ नेल्या आणि छर्ऱ्यांचा मारा केला. तो इतका भयंकर ठरला, कारण ‘आले’ नावाच्या नदीच्या वळणात रशियनांना पसरायला जागाच नव्हती.

हे उदाहरण पाहून तोफा पुढे ढकलायचा मोह होईल. जरा थांबावे. ओढून न्यायची तोफ एका फेरीत जोडायची, दुसऱ्या फेरीत सोडायची, आणि डागणे तिसऱ्यापासून, असे पुष्कळ नियमांत आहे. सहा फेऱ्यांत चारच बार मिळतात. मांडणीच्या रेषेवर पहिल्यापासून उभी असलेली आखूड तोफही, शत्रू तिसऱ्या फेरीत पल्ल्यात आला तर, चारच बार काढते. मग हलवायची कशाला? नव्या जागेवरचे बार जुन्या जागेवरच्यापेक्षा स्पष्टपणे चांगले असतील तरच. एका फेरीत चार-सहा इंच हलून त्याच फेरीत डागता येणाऱ्या हलक्या तोफांना हा नियम लागू नाही. त्यांचा खरा पल्ला चाल अधिक पल्ला असा धरावा आणि प्रतिस्पर्ध्याने तो विसरावा अशी आशा करावी. हीच गोष्ट आखूड नळीची ७५ मिलिमीटर तोफ बसवलेल्या सुरुवातीच्या जर्मन ‘स्टूग’ या चिलखती गाड्यांची. त्या पायदळाला आधार द्यायला बनवल्या होत्या. त्यांना मागच्या रांगेत उभे करून रणगाड्यांवर लांबून नेम धरायला लावणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

थांबून डागावे की दिसताच डागावे? समजा अर्ध्या पल्ल्याच्या आत चार किंवा जास्त लागतो आणि बाहेर पाच. उघड्यावरच्या शत्रूसाठी ५० टक्के विरुद्ध ३३, म्हणजे जवळ आल्यावर दीडपट. शत्रू आडोशाला असला आणि फाशातून एक वजा झाला, तर ३३ विरुद्ध १७, म्हणजे दुप्पट. आडोसा जितका दाट, तितका थांबण्यात फायदा जास्त. पण तोफ लपवून ठेवायची सोय नियमांत असेल तेव्हाच हे शहाणपण कामाचे. तोफ सगळ्यांना दिसतच असेल, तर न डागलेला बार परत मिळत नाही. नेपोलियनच्या काळातल्या खेळांत छर्ऱ्यांच्या पल्ल्यात फासे एकदम वाढतात. तिथेही पहिला गोळा लांबून टाकावाच. वाट पाहायची ती फक्त शत्रू आपल्या मर्जीच्या पट्ट्यात येण्याची.

टेम्प्लेट भरकटण्याच्या नियमांत दोन फाशांची बेरीज जितकी, तितके इंच गोळा वाहवतो. सरासरी सात इंच, आणि सहा किंवा अधिक इंच जाण्याची शक्यता ७२ टक्के. आखूड पल्ल्यात आपली माणसे नेहमीच जवळ असतात. लक्ष्यापासून आठ इंचांच्या आत स्वतःची तुकडी असेल तर तो बार न काढलेला बरा, निदान ती तुकडी महाग असेल तर.

लेखातल्या एका वाक्याबद्दल थोडे बोलायला हवे. ‘खऱ्या युद्धातही लांब पल्लाच जिंकतो, म्हणून टेबलावरही तेच’ असे त्यात म्हटले आहे. टेबलावरचा पल्ला खरा नसतोच. २८ मिलिमीटरच्या प्रतिकृती साधारण एकास छप्पन्न या प्रमाणाच्या धरल्या, तर २४ इंच म्हणजे प्रत्यक्षातले ३४ मीटर. रायफलीचा पल्ला एवढाच का? जर्मन पायदळाची ७५ मिलिमीटरची हलकी तोफ सुमारे ४०० किलोची होती आणि साडेतीन किलोमीटर मारत असे. त्या प्रमाणात टेबल साठ मीटरहून लांब लागेल. नियम लिहिणारे पल्ले कापतात, कारण टेबल कापता येत नाही. म्हणून तोफ निवडताना इतिहासातल्या किलोमीटरपेक्षा पुस्तकातले इंच आणि समोरच्या टेबलाचे इंच पाहावेत.

हे सगळे झाडे, घरे, भिंती असलेल्या सहा बाय चारच्या टेबलाला लागू. आठ बाय सहा फुटांचे उघडे वाळवंट असेल, दोन सैन्यांत चार फुटांचे अंतर असेल, ताबा घ्यायचे ठिकाण नसून फक्त शत्रू मारायचा असेल, तर लेखकाचा सल्ला बरोबर आहे. तिथे १८ इंचांची तोफ आम्हीही घेणार नाही. पण नवशिक्याला पहिले टेबल तसले मिळत नाही. त्याला सहा बाय चारचेच मिळते, आणि त्यावर एका मोठ्या तोफेच्या पॉइंटमध्ये बऱ्याच सैन्ययाद्यांत दोन छोट्या बसतात. लेखाचा पुढचा भाग येणार असेल, तर त्यात टेबलाचा आकार आणि आडोशाची दाटी सांगून मगच तोफांची शिफारस करावी, ही विनंती.

आपले,
काही वाचक-खेळाडू